शस्त्रक्रियेत इजा झाली, आता तक्रार करायची आहे: कोणती गोष्ट आधी, कोणती नंतर

फाइल घेऊन येणारी माणसं बहुतेक वेळा तक्रार लिहूनच आणतात. चार-पाच पानं असतात. डॉक्टर किती उर्मट बोलले, बिल कसं फुगवलं, नातेवाइकांना कसं ताटकळत ठेवलं, आणि शेवटी ‘पन्नास लाख भरपाई मिळावी’. मागे टाचलेलं एक डिस्चार्ज कार्ड आणि मेडिकलची बिलं. ऑपरेशनमध्ये नेमकं काय केलं, त्रास सुरू झाल्यावर कोण किती वाजता बघायला आलं, याचा एकही कागद नसतो. अशी तक्रार खरी असली तरी हरते.

हरण्याचं कारण बहुधा एकच, क्रम चुकलेला असतो. आधी भांडण, मग नोटीस, मग वकील आणि सगळ्यात शेवटी कागदपत्रांची आठवण. खालचा क्रम याच्या उलट आहे. हा लेख महाराष्ट्रातल्या रुग्णांसाठी आणि मुख्यतः ग्राहक आयोगाच्या मार्गाबद्दल आहे. पोलीस, वैद्यकीय परिषद आणि सरकारी रुग्णालय यांच्याबद्दल त्या त्या जागी लिहिलं आहे.

पायरी १: संपूर्ण केसपेपर ताब्यात घ्या

डिस्चार्ज कार्ड म्हणजे रेकॉर्ड नव्हे. तो रुग्णालयाने स्वतःच्या सोयीने लिहिलेला सारांश असतो. तुम्हाला हवे आहेत ‘संपूर्ण इनडोअर केसपेपर’, आणि अर्जात हेच शब्द वापरा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागणी केल्यापासून ७२ तासांत रेकॉर्ड देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. भरती रुग्णाचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपून ठेवावं लागतं. ‘आमच्याकडे अशी पद्धत नाही’ हे उत्तर चालत नाही.

अर्ज दोन प्रतींत करा. एकीवर शिक्का, सही आणि तारीख घ्या. पोच द्यायला नकार दिला तर वाद घालू नका, त्याच दिवशी तोच अर्ज स्पीड पोस्टाने आणि ईमेलने पाठवा. कारण लिहायची गरज नसते. लिहायचंच असेल तर ‘पुढील उपचारांसाठी’ एवढं पुरे, आणि ते खरंही असतं. ‘तुमच्यावर केस करणार आहे’ असं अर्जातच लिहिणारे लोक मी पाहिले आहेत. त्याने रेकॉर्ड लवकर मिळत नाही, उलट ते कोणी तरी पुन्हा नीट वाचून मगच देतं.

मागायचे कागद असे: भरतीच्या वेळची तपासणी, संमतीपत्रं (शस्त्रक्रियेचं वेगळं, भुलीचं वेगळं), भुलीआधीची तपासणी, भुलीचा तक्ता, ऑपरेशन नोट, शस्त्रक्रिया सुरक्षेची चेकलिस्ट, कापडी पट्ट्या आणि उपकरणं मोजल्याची नोंद, सिस्टरच्या नोंदी, ताप-नाडी-रक्तदाबाचा तक्ता, औषधांचा तक्ता, डॉक्टरांच्या राऊंडच्या नोंदी, रक्त दिलं असेल तर त्याचा कागद, इम्प्लांट बसवलं असेल तर त्याचं स्टिकर, काढलेल्या अवयवाचा पॅथॉलॉजी अहवाल, आणि एक्स-रे, सीटीच्या फिल्म किंवा सीडी. नुसता रिपोर्ट घेऊ नका, फिल्मही घ्या. दुसरा रेडिओलॉजिस्ट रिपोर्ट नव्हे, फिल्म वाचणार असतो.

या यादीतला सगळ्यात दुर्लक्षित आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा कागद म्हणजे सिस्टरच्या नोंदी. डॉक्टर दिवसातून दोनदा लिहितात, सिस्टर तासातासाला लिहिते. ‘पेशंट पोट दुखत असल्याचे सांगतो, आरएमओंना कळवले’ (आरएमओ म्हणजे रुग्णालयातला निवासी डॉक्टर) अशी रात्री दोनची एक ओळ पुढे संपूर्ण केस उभी करते.

सावधान: मेडिक्लेमसाठी मूळ कागद विमा कंपनीकडे जाण्याआधी पानन्‌पान स्कॅन करा. एकदा मूळ कागद तिकडे गेले की परत मिळवण्यात महिने जातात.

सावधान: रुग्ण दगावला असेल आणि तुम्हाला शंका असेल तर शवविच्छेदनाचा निर्णय त्याच क्षणी घ्यावा लागतो. पोलिसांना लेखी कळवा आणि शवविच्छेदन सरकारी रुग्णालयात व्हावं अशी मागणी करा. अंत्यसंस्कारानंतर हा पुरावा कोणीही परत आणू शकत नाही. बिल थकलं म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही, महाराष्ट्राच्या शुश्रूषागृह नियमांत २०२१ च्या दुरुस्तीने हे स्पष्ट लिहिलं आहे.

रेकॉर्ड दिलंच नाही तर? दुसरं पत्र द्या, त्यात पहिल्या अर्जाची तारीख लिहा, मग महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तेवढ्याच मुद्द्यावर तक्रार करा. पुढे आयोगाकडे रेकॉर्ड हजर करण्याच्या आदेशासाठी अर्ज करता येतो. तरीही कागद आले नाहीत, तर आयोग रुग्णालयाच्या विरोधात निष्कर्ष काढू शकतो. मात्र त्यासाठी तुम्ही मागितले होते याची पोच हवी. सरकारी रुग्णालय असेल तर माहिती अधिकाराचा अर्जही चालतो.

तपासा: मिळालेल्या प्रत्येक पानावर पेन्सिलने क्रमांक घाला. दोन तारखांच्या मधली पानं गायब आहेत का? ऑपरेशन नोटवर सही आणि वेळ आहे का? संमतीपत्रावर रिकाम्या जागा नंतर भरल्यासारख्या दिसतात का, शाई वेगळी आहे का?

पायरी २: तारखांची वही करा

तक्रार लिहायला अजून बसू नका. आधी साधी वही घ्या आणि तीन रकाने आखा: तारीख आणि वेळ, काय घडलं, कोणत्या पानावर नोंद आहे. भरतीपासून सुरुवात करा. समजा पित्ताशयाचं दुर्बिणीचं ऑपरेशन झालं. वहीत असं येईल: ‘ऑपरेशननंतर दुसरा दिवस, सकाळी ८. ताप, पोट फुगलेलं. सिस्टरची नोंद, पान १४.’ त्याखाली: ‘सकाळी ८ ते संध्याकाळी ६. डॉक्टर आल्याची नोंद नाही.’ ही रिकामी जागा हाच पुरावा. घटना आठवून लिहिणाऱ्याला ती दिसत नाही, पानं लावून लिहिणाऱ्याला दिसते.

ज्या गोष्टीचा कागद नाही पण साक्षीदार आहे, ती वेगळ्या शाईने लिहा. ‘रात्री अकराला ड्युटी डॉक्टरांना मी स्वतः बोलवायला गेलो’ हे तुमच्या प्रतिज्ञापत्रात येऊ शकतं, पण त्या रात्रीचा कॉल लॉग किंवा व्हॉट्सॲप मेसेज असेल तर त्याचं वजन वाढतं. मोबाइल बदलण्याआधी हे सगळं सुरक्षित करा. इलेक्ट्रॉनिक पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते विसरल्यामुळे स्क्रीनशॉटवर हरकत येते.

दुसऱ्या रुग्णालयात पुन्हा ऑपरेशन करावं लागलं असेल तर तिथली ऑपरेशन नोट या वहीतलं सगळ्यात महत्त्वाचं पान. पोट उघडल्यावर काय दिसलं हे तिथे लिहिलेलं असतं. त्या डॉक्टरांना ‘आधीच्याने चूक केली असं लिहून द्या’ म्हणू नका, ते लिहिणार नाहीत आणि तुमच्यापासून सावध होतील. ‘जे दिसलं ते सविस्तर लिहा’ एवढंच म्हणा.

पायरी ३: गुंतागुंत की निष्काळजीपणा, हे प्रामाणिकपणे ठरवा

ही पायरी लोक सरळ ओलांडून जातात आणि मग आयोगात याच प्रश्नावर अडकतात.

वाईट निकाल लागला म्हणजे निष्काळजीपणा झाला असं कायदा मानत नाही. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात सर्वोच्च न्यायालयाने कसोटी सांगितली आहे. त्या शाखेतल्या साधारण कुशल डॉक्टरने जे केलं असतं ते केलं का? सर्वोत्तम डॉक्टरशी तुलना नाही. दोन मान्य पद्धतींपैकी डॉक्टरने एक निवडली आणि तुम्हाला दुसरी बरी वाटते, तर तो निष्काळजीपणा नव्हे.

पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पित्तनलिकेला इजा होणं, गर्भाशय काढताना मूत्रवाहिनी दुखावणं, मोतीबिंदूनंतर डोळ्यात जंतुसंसर्ग होणं, या वैद्यकीय पुस्तकांत नोंदलेल्या गुंतागुंती आहेत. रुग्णालयाचा जबाब हमखास इथूनच सुरू होतो: ‘ही ज्ञात गुंतागुंत आहे, संमतीपत्रात नमूद आहे.’ म्हणून तुमचा सगळा भर ‘इजा झाली’ यावर ठेवू नका. प्रश्न तीन भागांत विचारा.

पहिला, ऑपरेशनचा निर्णय. गरज होती का, तपासण्या पूर्ण होत्या का, साखर-रक्तदाब आटोक्यात नसताना घाईने केलं का, त्या कामाला लागणारा तज्ज्ञ आणि सोय होती का. हैदराबादच्या निझाम इन्स्टिट्यूट प्रकरणात छातीतली गाठ काढताना न्यूरोसर्जनला बरोबर घेतलं नव्हतं आणि तरुणाच्या कमरेखालचा भाग कायमचा लुळा पडला. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये एक कोटी रुपये भरपाई दिली, त्यात हा मुद्दा कळीचा होता.

दुसरा, प्रत्यक्ष ऑपरेशन. चुकीची बाजू, आत राहिलेली कापडी पट्टी, चुकीचा दात. अशा वेळी वस्तुस्थितीच बोलते. ‘हे कसं झालं’ ते सांगण्याची जबाबदारी समोरच्यावर जाते.

तिसरा, ऑपरेशननंतरचे तास. माझ्या मते बहुतेक मजबूत केसेस इथे असतात. इजा होणं एक वेळ समजून घेता येतं. पण ताप, वाढती नाडी, फुगलेलं पोट दिसत असताना दोन दिवस ‘गॅस आहे’ म्हणत काढणं, सोनोग्राफी न करणं, मोठ्या रुग्णालयात पाठवायला उशीर करणं, याला संमतीपत्रातली छापील ओळ वाचवत नाही.

आणि संमती. २००८ च्या समीरा कोहली निकालाने स्पष्ट केलं की तपासणीच्या दुर्बिणीसाठी दिलेली संमती म्हणजे गर्भाशय काढायची संमती नव्हे. रुग्ण शुद्धीवर येऊन स्वतः निर्णय घेऊ शकत असेल, जिवाला तातडीचा धोका नसेल, तर बाहेर बसलेल्या नातेवाइकाची सही पुरत नाही. तुमच्या संमतीपत्रावर ऑपरेशनचं नाव काय लिहिलं आहे आणि प्रत्यक्षात काय केलं, ते शेजारी ठेवून वाचा.

आता तज्ज्ञ. त्याच शाखेचा, शक्यतो दुसऱ्या शहरातला, त्या रुग्णालयाशी संबंध नसलेला डॉक्टर शोधा. त्याच्यापुढे वही आणि क्रमांक घातलेली पानं ठेवा. ‘डॉक्टरची चूक आहे का?’ हा प्रश्न विचारलात की समोरचा माणूस मिटतो. ‘या तासाला ही लक्षणं होती. तुमच्याकडे साधारणपणे काय केलं जातं?’ असं विचारा. उत्तर मिळतं, आणि उपयोगाचं मिळतं. लेखी मत आणि शाखेतल्या प्रमाणित पुस्तकाची संबंधित पानं मिळाली तर उत्तम. २०१० च्या किशन राव निकालानुसार प्रत्येक प्रकरणात तज्ज्ञाचं मत सक्तीचं नाही, उघड चुकीत तर नाहीच. पण नसा, पित्तनलिका, भूल असा गुंतागुंतीचा विषय असेल तर मताविना जाणं म्हणजे रिकाम्या हाताने जाणं. तुम्ही दिलं नाही तर आयोग प्रकरण सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या समितीकडे पाठवू शकतो, आणि ते मत तुमच्या विरुद्ध आलं तर खोडून काढणं फार जड जातं.

थांबा आणि तपासा: एका वाक्यात सांगता येतं का? ‘अमुक वेळी अमुक करायला हवं होतं, केलं नाही, म्हणून अमुक नुकसान झालं.’ या वाक्यातला शेवटचा सांधा, म्हणजे चूक आणि नुकसान यांचा संबंध, जुळत नसेल तर पुढे जाऊ नका. ड्युटी डॉक्टर उशिरा आला हे खरं असेल, पण लवकर येऊनही निकाल तोच लागला असता असं तज्ज्ञ सांगत असेल, तर भरपाई मिळणं कठीण.

पायरी ४: मुदत मोजा आणि योग्य दार निवडा

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार मुदत दोन वर्षांची आहे, तक्रारीचं कारण घडल्यापासून. चूक नंतर उघड झाली, म्हणजे पोटात राहिलेली वस्तू वर्षांनी सापडली, तर कळल्याच्या तारखेपासून मोजावं असा युक्तिवाद होऊ शकतो. पण त्यावर विसंबून राहू नका. मुंबईत १९९३ साली झालेल्या पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर २००२ मध्ये पोटातून कापडी पट्टी निघाली. रुग्ण स्वतः सरकारी रुग्णालयात परिचारिका होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तिची तक्रार मुदतबाह्य ठरवली. इतकी वर्षं दुखत असताना तिने त्या डॉक्टरकडे विचारणा का केली नाही, हा मुद्दा तिच्या विरुद्ध गेला. म्हणून हिशेब ऑपरेशनच्या तारखेपासूनच धरा. उशीर झालाच असेल तर विलंब माफीचा अर्ज तक्रारीबरोबरच द्या आणि दिवसादिवसाचं कारण पुराव्यासह लिहा.

नेहमीची चूक: ‘नोटीस पाठवली, म्हणजे मुदत थांबली.’ थांबत नाही. रुग्णालयाशी तडजोडीची बोलणी चालू आहेत म्हणूनही थांबत नाही.

आता कोणता आयोग? इथे जुन्या माहितीवर चालणारे वकीलसुद्धा चुकतात. १९८६ च्या कायद्यात भरपाईची मागणी धरून आयोग ठरायचा. आता तुम्ही सेवेसाठी किती पैसे मोजले त्यावर ठरतो. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, त्यावर २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यापुढे राष्ट्रीय आयोग. रुग्णालयाचं बिल ३ लाख आणि भरपाईची मागणी ८० लाख असेल तरी तक्रार जिल्हा आयोगातच. जिल्हाही तुम्ही राहता तो चालतो. ऑपरेशन पुण्यात झालं आणि तुम्ही लातूरला राहता, तर लातूरच्या आयोगात तक्रार करता येते. फी किरकोळ आहे. मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शून्य, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १,००० रुपये.

उपचार पूर्ण मोफत झाले असतील तर? सगळ्यांनाच मोफत सेवा देणाऱ्या रुग्णालयाविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही. १९९५ च्या शांता निकालाने ही रेषा आखली. पण काही रुग्णांकडून पैसे घेणाऱ्या रुग्णालयात तुमचे उपचार मोफत झाले, तरी तुम्ही ग्राहक ठरता. विमा कंपनीने बिल भरलं तरी ठरता. पूर्ण मोफत सरकारी रुग्णालयासाठी दिवाणी न्यायालय किंवा उच्च न्यायालयात रिट (सरकारविरुद्धची थेट याचिका), हे मार्ग उरतात. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ मध्ये कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनवेळी पोटात टॉवेल राहून एका स्त्रीचा मृत्यू झाला. राज्य सरकार जबाबदार आहे हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितलं. तेहतीस वर्षं! तो मार्ग घेताना अनुभवी वकील लागतो.

पोलीस आणि वैद्यकीय परिषद: कुठे जायचं, कुठे नाही

ही पायरी नव्हे, पण इथे गोंधळ फार होतो म्हणून मध्येच सांगतो.

महाराष्ट्र वैद्यकीय परिषद डॉक्टरला ताकीद देऊ शकते, नोंदणी निलंबित करू शकते. भरपाई देऊ शकत नाही. तिथली तक्रार डॉक्टरविरुद्ध असते, रुग्णालयाविरुद्ध नाही. आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्यक यांच्या परिषदा वेगळ्या आहेत. ऑपरेशन करणाऱ्याची आणि भूल देणाऱ्याची नोंदणी कोणत्या परिषदेत आहे हे आधी तपासा, कधी कधी तिथेच मोठा मुद्दा सापडतो. परिषद आणि आयोग दोन्हीकडे एकाच वेळी जाता येतं. परिषदेचा निष्कर्ष आयोगावर बंधनकारक नसला तरी तो सहज बाजूला सारता येत नाही. पित्ताशयाच्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हे म्हटलं आणि २५ लाखांची भरपाई दिली.

पोलिसांत गुन्हा दाखल करायला फार मोठा, ढोबळ निष्काळजीपणा लागतो, आणि त्याच शाखेच्या स्वतंत्र डॉक्टरचं मत आल्याशिवाय पोलिसांनी पुढे जाऊ नये असा जेकब मॅथ्यू निकाल सांगतो. मृत्यू झाला असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली नोंदणीकृत डॉक्टरला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ‘पोलिसांत गेलो की रुग्णालय घाबरून पैसे देईल’ हा हिशेब मनातून काढा. नकारात्मक मत आलं की तोच कागद रुग्णालय आयोगात तुमच्याविरुद्ध जोडतं.

सावधान: आरडाओरडा, तोडफोड, धक्काबुक्की करू नका. महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्याने यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि नुकसानीच्या दुप्पट रक्कम भरावी लागते. त्यानंतर फिर्यादी तुम्ही उरत नाही, आरोपी होता.

पायरी ५: भरपाईचा हिशेब मांडा

गोल आकडा लिहू नका. वर उल्लेखलेल्या निझाम प्रकरणात न्यायालयाने परिचारिका, फिजिओथेरपी, औषधं, ड्रायव्हर-मदतनीस, बुडालेली कमाई आणि वेदना असा एकेक मुद्दा वेगळा मोजला. तो तरुण व्हीलचेअरवरून स्वतःची बाजू स्वतः मांडत होता, हेही लक्षात ठेवण्यासारखं.

तुमचा हिशेबही तसाच करा: पहिल्या रुग्णालयाचं बिल, दुसऱ्याचं बिल, पुढची औषधं (डॉक्टरच्या अंदाजपत्रकासह), प्रवास, बिनपगारी रजा (नोकरीच्या ठिकाणचं पत्र), घरी ठेवलेली बाई, कायमचं अपंगत्व, आणि शेवटी वेदना व मानसिक त्रास. अपंगत्वाची टक्केवारी सरकारी प्रमाणपत्रावरच आणा. घर सांभाळणाऱ्या स्त्रीच्या कामाचं मोल शून्य धरू नका. आयोग धरत नाही, तुम्ही का धरता?

पायरी ६: नोटीस

कायद्याने सक्तीची नाही, पण पाठवावी. एक ते दीड पान पुरे. काय घडलं, कुठे चुकलं, किती भरपाई, पंधरा किंवा तीस दिवसांत उत्तर. रुग्णालय, शल्यचिकित्सक, गरज असेल तर भूलतज्ज्ञ, प्रत्येकाला वेगळी. तज्ज्ञाचं मत नोटिशीला जोडू नका. उत्तर आलं तर नीट वाचा, समोरच्याचा पुढचा सगळा बचाव त्यात असतो. केसपेपरशी विसंगत काही लिहिलं असेल तर खूण करा, ते पुढे कामाला येतं.

पायरी ७: तक्रार लिहा आणि दाखल करा

वही हाताशी असेल तर हे दोन दिवसांचं काम. परिच्छेदांना क्रमांक, प्रत्येक विधानापुढे पान क्रमांक. वैद्यकीय शब्द रेकॉर्डमध्ये आहेत तेच वापरा. ‘राक्षसी’, ‘कसाई’, ‘पैशाला चटावलेले’ असले शब्द गाळा. आयोगाचे सदस्य रोज तेच वाचतात आणि तुमचा मुद्दा त्यात बुडतो. बिलाबद्दलची तक्रार वेगळा मुद्दा म्हणून शेवटी घ्या.

सामनेवाल्यांमध्ये, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांच्यात, कोण? रुग्णालय आणि ऑपरेशन करणारा डॉक्टर तर हवेतच. भूल, रक्तपेढी, पॅथॉलॉजी यांना चुकीशी संबंध असेल तरच घ्या. सगळ्यांना गोवलं की प्रत्येकाची नोटीस, प्रत्येकाचा जबाब, प्रत्येकाचा वकील, आणि तारखांवर तारखा. डॉक्टरच्या विमा कंपनीचं नाव कळलं तर तिला सामील करून घेता येतं.

रुग्ण हयात नसेल तर वारसांनी, अल्पवयीन असेल तर पालकांनी तक्रार करायची. मुलाच्या प्रकरणात पालक स्वतःच्या मनस्तापाची भरपाईही वेगळी मागू शकतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये ते मान्य केलं आहे.

तक्रारीबरोबर लागतं: तक्रारीच्या पुष्ट्यर्थ प्रतिज्ञापत्र, तारखांची यादी (तुमची वहीच), कागदपत्रांची सूची, कागदपत्रं, पैसे भरल्याचा पुरावा, रहिवासाचा पुरावा, उशीर असेल तर माफीचा अर्ज. ऑनलाइन दाखल करता येते. आधी ई-दाखिल होतं, २०२५ पासून ई-जागृती पोर्टल आहे. वकील सक्तीचा नाही. स्त्रिया, मुलं, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. स्त्रियांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, हे फार थोड्यांना माहीत असतं.

तपासा: दाखल करण्याआधी संपूर्ण संच, प्रकरणाची काहीच माहिती नसलेल्या माणसाला वाचायला द्या. त्याला ‘काय चुकलं’ ते दहा मिनिटांत सांगता आलं नाही तर पुन्हा लिहा.

पायरी ८: सुनावणी

तक्रार स्वीकारायची की नाही हे साधारण २१ दिवसांत ठरायला हवं. सामनेवाल्यांना जबाबासाठी ३० दिवस, वाढवून आणखी १५. त्यापुढे आयोगही मुदत देऊ शकत नाही, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये हे पक्कं केलं. म्हणून नोटीस कधी बजावली याची तारीख तुम्ही स्वतः टिपून ठेवा आणि पंचेचाळिसावा दिवस उलटला की लेखी अर्ज द्या. कायद्यात निकालासाठी तीन ते पाच महिने लिहिलेत. प्रत्यक्षात वर्षं लागतात, त्या तयारीनेच उतरा.

जबाब आल्यावर तुमचं प्रत्युत्तर आणि पुराव्याचं प्रतिज्ञापत्र असतं. ‘सर्व नाकारतो’ असं लिहू नका. त्यांच्या प्रत्येक परिच्छेदाला पान क्रमांकासह उत्तर द्या. उलटतपासणी इथे बहुधा लेखी प्रश्नावलीने होते. समोरच्या डॉक्टरला विचारायचे प्रश्न तुमच्या तज्ज्ञाकडून तपासून घ्या, मोजके ठेवा, आणि ज्याचं उत्तर रेकॉर्डमध्येच आहे असे विचारा.

मध्येच मध्यस्थीचा प्रस्ताव येईल. लगेच झिडकारू नका. पायरी ५ चा हिशेब समोर ठेवून किती खाली येऊ शकता ते घरी ठरवून जा. सही करण्याआधी एक ओळ शोधा: ‘यापुढे कोणत्याही मंचावर तक्रार करणार नाही.’ परिषदेतली तक्रार चालू ठेवायची असेल तर ती ओळ बदलून घ्या.

पायरी ९: निकालानंतर

निकालाची प्रमाणित प्रत लगेच घ्या. विरुद्ध गेला तर राज्य आयोगाकडे ४५ दिवसांत अपील. बाजूने लागला आणि रुग्णालयाला अपील करायचं असेल, तर त्यांना आधी निम्मी रक्कम जमा करावी लागते. त्या अपिलाची नोटीस तुमच्या जुन्या पत्त्यावर जाऊन एकतर्फी स्थगिती मिळू नये म्हणून पत्ता बदलला असेल तर आयोगाला लेखी कळवा.

मुदत उलटूनही पैसे आले नाहीत तर अंमलबजावणीचा अर्ज त्याच जिल्हा आयोगात करायचा. आदेश न पाळल्यास एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा किमान २५ हजार ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. अर्जात मूळ रक्कम, व्याज कोणत्या तारखेपासून, खर्च आणि आजवर मिळालेले पैसे असा चार ओळींचा तक्ता द्या. व्याजाची तारीख निकालपत्रातून शब्दशः उतरवा. एका वर्षाचं व्याज चुकून गाळलेला अर्ज मी स्वतः एकदा भरला होता आणि तो दुरुस्त करून घ्यायला चार तारखा गेल्या.